सर्वांना एकच माप?



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाला प्रार्थना पाठ होईना. आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले, वर्ग सुटल्यावर मागे थांबवले. काही उपयोग झाला नाही. पुढे त्याच्यासोबत बसून एकेक ओळ म्हटली, तेव्हा चार रविवारांत त्याला ती येऊ लागली. चूक त्याची नव्हती. घाई आमची होती.

अशी मुले आपल्या ऐरोलीतही घरोघरी असतात. ती उशिरा वाचू लागतात, आज शिकलेले उद्या विसरतात, एकदम तीन कामे सांगितली की गोंधळतात. घड्याळ आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब त्यांना अवघड जातो. आपण त्यांना आळशी म्हणतो आणि शेजारच्या मुलाचे प्रगतिपुस्तक दाखवतो.

डिस्लेक्सियात बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडते. अशा विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमतेबरोबर अध्ययन अक्षमतेचाही समावेश झाला. पण ज्याचे सगळेच शिकणे थोडे सावकाश चालते, तो मुलगा बहुधा या दोन्हींत बसत नाही. त्याच्या हाती प्रमाणपत्र नसते, फक्त कमी गुण असतात. कायदा जिथे थांबतो, तिथे आपले कर्तव्य सुरू होते.

'सर्वांना सारखे वागवणे हाच न्याय' असे आपण मानतो. पण असमानांना समान वाटा देणे हाही अन्यायच, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगितले. आजारी मुलाला पेज आणि धडधाकट मुलाला भाकरी वाढणाऱ्या आईला कोणी पक्षपाती म्हणत नाही.

'अशाने मूल लाडावेल' अशी भीती काहींना वाटते. परंतु अपेक्षा सोडणे वेगळे आणि पायऱ्या लहान करणे वेगळे. एका वेळी एकच सूचना द्यावी. बेरीज आधी चिंचोक्यांनी शिकवावी. रोज थोडी उजळणी घ्यावी. सर्वप्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग शिक्षकांशी व बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. गरज भासल्यास वाशी येथील महापालिकेच्या ईटीसी केंद्रात चौकशी करावी. यात लाज कसली?

तालांतांच्या दाखल्यात दोनाचे चार करणाऱ्यालाही पाचाचे दहा करणाऱ्याइतकीच शाबासकी मिळाली. धन्याने दोघांची तुलना केली नाही. प्रगतिपुस्तकावर सही करताना आपण ती करतो का, हे आज स्वतःला विचारू या.

आपले धर्मगुरू