साथीदाराचं नाव

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले दरबाराचे मोडी कागद आहेत. त्यांत गवई आणि वादक यांच्या पगाराच्या नोंदी सापडतात. दुसऱ्या सरफोजीच्या काळात (१७९८ ते १८३२) तर दरबारात युरोपीय वाद्यांचा ताफाही होता. कारकुनाला संगीताची जाण असो वा नसो, पैसे कुणाला दिले हे त्याला लिहावंच लागे. रसिक जे विसरतात ते जमाखर्चात राहतं.

मुंबईच्या स्टुडिओत शिफ्टवर वाजवणाऱ्या गिटारवाल्याचं नावही व्हाउचरवर असेच. रेकॉर्डवर मात्र गायक, संगीतकार आणि गीतकार. ‘दम मारो दम’ (१९७१) मधली सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे आपल्याला ठाऊक आहे. ते पुढे स्वतः नामवंत गायक झाले, हे त्याचं एक कारण असावं. नुसतेच वादक राहिले त्यांचं काय?

साथीदाराने मागे राहावं, असं म्हणतात. खरंच आहे. गायिका सूर लावत असताना गिटारवाल्याने हुशारी दाखवली तर गाणं बिघडतं. पण हे मागे राहणं त्याचं स्वतःचं असतं, मात्रेमात्रेला ठरवलेलं. आपण मात्र त्याचा विनय त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरतो: तोच मागे राहिला, मग नाव कशाला?

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने वादकाला ओळखलं जाण्याचा हक्क दिला. चित्रपटाबाबत मात्र एक परंतुक जोडलं. ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतसुद्धा येत नाही, त्याला कलाकार मानायचं नाही. आपल्या कामाचा विपर्यास होऊ न देण्याचा हक्क तेवढा त्याला उरतो. म्हणजे ज्या रीतीने अन्याय केला तिलाच साक्षीला बोलावलं.

तंजावरच्या मैफलीत वेगळी रीत आहे. इथल्या मृदंगपरंपरेत नारायणस्वामी अप्पांसारखे मराठी वादक होऊन गेले. पालघाट मणि अय्यर इथल्याच वैद्यनाथ अय्यरांचे शिष्य. कर्नाटक मैफलीत ‘तनि आवर्तनम्’ आलं की गायक थांबतो, हाताने ताल धरून बसतो आणि मृदंग एकटा बोलतो. नंतर तोच वादक पुन्हा साथीला. त्यात ना गायकाचा मान जातो, ना साथीदाराचा विनय.

चित्रपटातल्या चार मिनिटांच्या गाण्यात एवढी जागा निघणार नाही, हे मान्य. पण नावाला मिनिटं लागत नाहीत. व्हाउचरवर ते कुणीतरी आधीच लिहिलेलं असतं. तिथून उचलून गाण्याखाली घालायचं.