विस्मृतीच्या वयातील दांपत्य आणि संमती
पेण-रोह्याच्या अनेक घरांतून मुले मुंबईला वा आखाती देशांत जातात आणि मागे वृद्ध जोडपे उरते. त्यांतील एकाला विस्मरणाचा आजार जडला की औषधांविषयी सारेच विचारतात. एक प्रश्न मात्र दबक्या आवाजात येतो : अब्बा-अम्मींना आता वेगळ्या खोल्यांत झोपवावे काय?

सारे जाणून झाल्यावर काहीच जाणू नये, अशा वयापर्यंत काहींना पोहोचवले जाते, असे कुरआन सांगतो (१६:७०). भान हरपलेल्यावरून लेखणी उचलली जाते, हेही हदीसमध्ये आले आहे. त्याचे उत्तरदायित्व संपते. प्रतिष्ठा संपत नाही.

फिकहमध्ये 'अहलियत', म्हणजे पात्रता, सर्व व्यवहारांत एकाच मापाने मोजत नाहीत. समज आलेल्या अल्पवयीन मुलाची नमाज ग्राह्य मानणारे आपले शाफई फुकहा त्याने केलेली विक्री ग्राह्य मानत नाहीत. मग सातबारा न उमगणारी आई पतीचा स्पर्श ओळखते आणि त्याने सुखावते, हे मानण्यास अडचण कोणती? केवळ संकोचापोटी मुलांनी त्यांना वेगळे करणे हा अन्याय होय.

पतीला मात्र दुसरी बाजू ऐकावी लागेल. अमेरिकेतील आयोवा राज्याचे माजी लोकप्रतिनिधी हेन्री रेहॉन्स यांच्यावर शुश्रूषागृहातील विस्मृतिग्रस्त पत्नीशी संबंध ठेवल्याचा खटला चालला. एप्रिल २०१५मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. आपल्याकडे असा खटला उभा राहणेच कठीण. मनोविकलतेमुळे परिणाम न समजता दिलेली संमती भारतीय न्याय संहितेचे कलम ६३ मानत नाही, परंतु अठरा वर्षांवरील पत्नीच्या पतीला त्यातून वगळते.

या सवलतीवर मोमिनाने निश्चिंत राहू नये. चाळीस वर्षांपूर्वीच्या 'कबूल है'ने निकाह सिद्ध होतो. आजच्या रात्रीची इच्छा त्यातून कळत नाही. माझ्या अल्पमतीनुसार, बुद्धी हरपल्याने जिच्यावरील कर्तव्यच उचलले गेले, तिच्याकडे हक्क कोणत्या तोंडाने मागायचा? पती भानावर आहे, म्हणून सद्‌वर्तनाचा आदेश (४:१९) त्याच्यावर पूर्ण लागू आहे. ती अंग चोरते, रडते, "तुम्ही कोण?" म्हणते, तर तिथेच थांबावे. या आजारात सकाळी ओळखणारी व्यक्ती तिन्हीसांजेला अनोळखी होते. सकाळचा होकार रात्री धरून चालू नये.

कधी आजारी पतीच असतो आणि आजारामुळे त्याचा संयम सुटतो. तेव्हा नकार देणाऱ्या वृद्ध पत्नीला गुनहगार म्हणू नये. तिने वेगळी खोली मागितली, तर सून-मुलांनी कारण न विचारता तिची सोय करावी.