गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे?

गाऱ्हाण्याला अर्थ येतो तो ऐकणारा असेल तरच. सिंधुदुर्गातील देवळांत हे आजही दिसते. मालवण परिसरात ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गुरव किंवा मानकरी उभा राहतो, अडलेल्याचे नाव घेतो, त्याची अडचण मालवणीत मोठ्याने सांगतो आणि जमलेली माणसे मागून 'होय म्हाराजा' म्हणतात. सांगणाऱ्याला नाव असते, ऐकणारा ठरलेला असतो आणि गाव साक्षीला असतो.

ऑनलाइन मागवलेला मोबाइल बिघडलेला निघाला, तर त्याच गावातल्या ग्राहकाला अनेकदा यातले काहीच मिळत नाही. यंत्राचा आवाज आकडा दाबायला सांगतो, तक्रार क्रमांक येतो आणि दाद न लागताच तक्रार 'बंद' होते. नफा घेताना कंपनी कायद्याने व्यक्ती असते. दोष दिसताच ती कोणीच नसते. हा अधर्मच आहे, कारण घेण्याच्या हक्कामागे उत्तर देण्याचे कर्तव्य येतेच.

कायदाही तेच सांगतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. तरीही दाद न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही.

अन्याय निमूट सोसण्यात पुण्य नाही. ग्राहकाने नावानिशी तक्रार करावी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी साक्षीला उभे राहावे.