चोचीला माती

रागाची टोच डोक्यावर बसते. रिकामेपणाची टोच पाठीवर.

एवढा फरक ज्याला दिसला, त्याला पिसं उपटणाऱ्या कोंबडीचा अर्धा इलाज सापडला. पहिली टोच समोरून येते, झटकन येते, तुऱ्याकडे येते. जिला बसते ती दोन पावलं मागं सरते आणि विषय तिथंच मिटतो. आधी कुणी खायचं, आडव्या बांबूवर वरच्या बाजूला कुणी बसायचं, एवढंच त्यात ठरतं. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्यांजवळ बसून हा क्रम टिपला आणि १९२१ च्या सुमारास तो जगापुढं मांडला. क्रम एकदा लागला की कळप शांत होतो. दुसऱ्या टोचीनं काहीच ठरत नाही, म्हणून ती संपतही नाही. ती मागून येते, सावकाश, आवाज न करता. शेपटीच्या वरचं एक पीस चोचीत धरलं जातं, ओढलं जातं, पुष्कळदा गिळलंही जातं. ओढणारी चिडलेली नसते. आणि जिचं पीस जातं, तीही कित्येकदा जागची हलत नाही.

सोसणारी गप्प राहिली की घरच्यांना वाटतं, सगळं ठीक चाललंय.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या एका परसात पाहिलेली तलंग डोळ्यांपुढून जात नाही. शासकीय योजनेतल्या पंचवीस माद्या आणि तीन नरांच्या गटातली ती एक. पाय भक्कम, तुरा नुकता लाल होऊ लागलेला. शेपटीच्या वर तळहाताएवढी जागा उघडी पडलेली. तिथली कातडी गुलाबी आणि दाणेदार, मधूनमधून तुटलेल्या पिसांचे खुंट. त्या खुंटांमध्ये एक नवं पीस वर येत होतं: निळसर नळी आणि नळीत रक्त. शेजारची तलंग मान वाकडी करून नेमकं तेच न्याहाळत होती. घरच्या काकू म्हणाल्या, “भांडत नाईत हो भाऊ ह्या. नुसत्या येचत रायतात दिवसभर.” पेरणी झाल्यापासून खुराड्याचं दार बंद होतं.

नव्या पिसात रक्त असतं, आणि लाल ठिपका दिसला की कोंबडीची चोच थांबत नाही. भरून येणाऱ्या जागेवरच पुन्हा घाव बसतो तो यामुळं.

दार बंद का, हे वाशीमच्या माणसाला सांगावं लागत नाही. मृग बरसला की शेतात सोयाबीन, तूर पडते. घरामागच्या वाफ्यात भेंडी, गवार, वाल लागतात. कोंबडी शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरली आणि तिनं बी उकरलं, तर चार पिढ्यांचा शेजार तुटायला तेवढं पुरतं. शिवाय मुंगूस आहे, रानमांजर आहे, गावची कुत्री आहेत. २०२५ मध्ये कारंजा तालुक्यात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा कोंबड्या मोकळ्या सोडू नका असं म्हणणंच शहाणपणाचं होतं. कोंडण्याला कारण असतं. पण कारण खरं असलं तरी कोंडणं सोपं होत नाही. दार लावणाऱ्यावर एक जबाबदारी येते: बाहेर जे होतं त्यातलं काय आत न्यायचं?

बाहेर काम होतं. कोंबडीचा मूळ पूर्वज रानकोंबडा जागेपणाचा निम्म्याहून अधिक वेळ जमीन टोचण्यात आणि उकरण्यात घालवतो. पोट भरलं तरी हे थांबत नाही. उकिरड्यावर पाय मागं झाडायचा, मान खाली घालायची, एक किडा, एक बी, एक खडा, परत पाय. अंडी जास्त देणारी जात आपण निवडून तयार केली, तरी पायातली ती ओढ गेली नाही. नेदरलँड्सच्या ब्लोकहाउस यांनी १९८६ मध्ये मांडलं ते हेच: पिसं उपटणं म्हणजे जमिनीवर टोचण्याची वाट चुकलेली ओढ. चोचीला माती मिळाली नाही की ती पाठ शोधते.

म्हणून ‘ही कोंबडीच वाईट’ या वाक्याचा मला राग येतो. वाईट ठरवलं की आपलं काम संपतं. तिचं तसंच राहतं.

आता तिच्यापुढं पडणाऱ्या खाण्याकडं बघू. या भागात ज्वारीचं रान मोठं होतं तेव्हा खळ्यावर, कणसांच्या ढिगाखाली कोंबडीची सोय आपोआप व्हायची. आज सोयाबीन मळणीयंत्रातून पोत्यात आणि पोत्यातून बाजार समितीत जातं. शंभरात चाळीस भाग प्रथिनं असलेलं हे धान्य गावोगावी पिकतं, आणि त्याच गावातल्या कोंबडीपुढं तांदळाची कणी पडते, जिच्यात प्रथिनं शंभरात सात-आठ भाग. अंड्यावर आलेल्या कोंबडीला सोळा ते अठरा लागतात. आणि पीस? ते सुमारे नव्वद टक्के प्रथिनच आहे. आपण ताटात जे दिलं नाही, ते ती सोबतिणीच्या अंगावरून घेते.

उपाय हाताशी आहे, पण सरळ नाही. कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही. त्यातला एक घटक प्रथिनांचं पचनच अडवतो. ते भाजून, भरडून द्यावं, किंवा सोयाबीनची ढेप द्यावी. मीठही बघावं. नुसत्या धान्यावर राहणारी कोंबडी मिठाला आसुसते आणि रक्ताच्या चवीला लागते. किलोभर खाद्याला तीन-चार ग्रॅम पुरे. त्याच्या फार पुढं गेलं तर मीठ तिला विष आहे. दया मापात नसली तर तीही मारते.

उघडी पाठ दिसली की लगेच निवाडा करू नये. कळपात नर जास्त झाले तर त्यांच्या पायांनीच माद्यांच्या पाठी सोलतात. आठ-दहा माद्यांमागं एक नर बरा. रात्री पिसांच्या मुळाशी उजेड धरून उवा, गोचीड बघावी, राखेची अंघोळ करायला खड्डा करून द्यावा. आणि वर्षातून एकदा पिसं आपसूक झडतात, त्याला इलाज नको.

एका गोष्टीजवळ मात्र थांबावंसं वाटतं. आईजवळ.

खुडूक बसलेली गावरान कोंबडी एकवीस दिवसांनी पिल्लं काढते आणि त्यांना परसात नेते. किडा सापडला की स्वतः खात नाही. बारीक आवाज करते, उचलते, खाली टाकते, पुन्हा उचलते. पिल्लू टोचतं. कुठं टोचायचं हे असं कळत जातं. दमलेली पिल्लं तिच्या पंखाखालच्या अंधारात झोपतात, म्हणून जागी असलेली पिल्लं झोपलेल्यांना टोचू शकत नाहीत. यंत्रातून निघालेलं पिल्लू दिव्याच्या सततच्या उजेडात, शेकडो समवयस्कांत वाढतं. काहीजण झोपलेले, काहीजण जागे, सगळे सगळ्यांना दिसतात. पिल्लांना उबेसाठी अंधारा कोपरा दिला तर ती मोठेपणी एकमेकींची पिसं कमी उपटतात, असं अभ्यासात दिसलं आहे. उजेड, ऊब, खाणं, पाणी हे सगळं यंत्रानं दिलं. विसावा द्यायचा राहिला.

योजनेतल्या तलंगा अशाच येतात, आठ-दहा आठवड्यांच्या, आईविना वाढलेल्या. त्या आणू नयेत असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या एकतीस कोटींच्या पुढं गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास सेहेचाळीस टक्क्यांनी जास्त. रिसोडच्या, मंगरूळपीरच्या बाजारात गावरान अंड्याला मिळणारा जादा पैसा बहुतेक घरी बाईच्या हातात पडतो. तो पैसा लहान नाही. म्हणूनच योजनेच्या कागदावर पक्ष्यांच्या संख्येबरोबर जागाही असावी: रात्री निजायला पक्ष्यामागं दीड-दोन चौरस फूट, आणि दिवसा त्याच्या कितीतरी पट.

मोठ्या पोल्ट्रीत या दुखण्यावर जुना तोडगा आहे, चोचीचं टोक तापलेल्या पात्यानं कापायचं. टोचणं कमी होतं, हे खरं. पण चोच म्हणजे नख नव्हे. तिच्या टोकात नसा असतात; कोंबडीला हात नाहीत, जग चाचपायला तिच्याकडे तीच आहे. नॉर्वेनं १९७४ मध्ये आणि स्वीडननं १९८८ मध्ये हे कापणं बंद केलं. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांसाठी तर हा विचारही मनात येऊ नये. ज्याची जागा कमी पडली, त्यानं दुसऱ्याची चोच कमी करायची, हा न्याय नाही.

अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी दुसरी वाट धरली. सर्वांत जास्त अंडी देणारी एकेकटी कोंबडी निवडण्याऐवजी त्यांनी सर्वांत जास्त अंडी देणारा अख्खा पिंजरा निवडला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, काही पिढ्यांतच एकमेकींना टोचून मरणाऱ्या कोंबड्यांचं प्रमाण कितीतरी खाली आलं. एकटीनं पुढं जाणारीला निवडत गेलं, तर कधी कधी आपण तिच्या चोचीलाच बक्षीस देत असतो.

जखम झालीच तर आपला हात पहिल्यांदा जखमीकडे जातो. तो जावाच. हळद खोबरेलात कालवून लावावी. लाल रंग झाकला जातो आणि जागाही भरते. पण कोंडायची वेळ आली की आपण जखमीलाच डालग्याखाली घालतो. ती बाहेर येते तेव्हा कळपातली तिची जागा गेलेली असते, म्हणजे तिला दुसऱ्यांदा मार. डालग्याखाली घालावी ती टोचणारी. चार-सहा दिवसांनी ती परतते तेव्हा क्रमात खाली उतरलेली असते, आणि तिला टोचण्यापेक्षा स्वतःची जागा शोधण्याचं काम जास्त असतं. जखमीला वेगळं ठेवणं भागच असेल तर डालगं त्याच अंगणात ठेवावं, बाकीच्यांना ती रोज दिसेल असं. संध्याकाळी अंधार पडताना तिला बांबूवर परत बसवावं.

आणि काम द्यावं. वाशीम जिल्ह्यात कशाची टंचाई असेल, सोयाबीनच्या कुटाराची नाही. खुराड्यात ते वीतभर पसरावं आणि सकाळचे ज्वारीचे दाणे भांड्यात न घालता त्यात मिसळून टाकावेत. भांड्यातल्या दाण्यानं पोट भरतं; कुटारातल्या दाण्यानं दिवसही भरतो. मेथीची, पालकाची जुडी दोरीनं टांगावी, कोंबडीला मान उंचावून तोडावी लागेल इतक्या उंचीवर. आडवे बांबू वाढवावेत, म्हणजे पळणारीला वर जायला जागा राहील.

पाठीकडं बघून हे लागू पडलं की नाही ते लवकर कळत नाही. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं. तुटून खुंट राहिलेलं मात्र पुढची पिसं झडेपर्यंत तसंच दिसतं. म्हणून भर दुपारी कुटार बघावं. पायांनी विस्कटून कोपऱ्यात ढीग झाला असेल तर चाललंय ते चालू द्यावं. सकाळी पसरलं तसंच सपाट पडलं असेल, तर उद्या दाणे आणखी खोल मिसळावेत.