पारध्याचा चेहरा

‘हितोपदेशा’ची एक नवी सचित्र आवृत्ति परवां माझ्या नातीच्या हातीं आली. नारायणपंडितानें मित्रलाभाची कथा गोदावरीतीरींच्या शाल्मलीवृक्षापासून आरंभिली आहे. तेव्हां आम्हां नाशिककरांना ती घरचीच वाटावी, यांत नवल नाहीं. (तो वृक्ष पंचवटींतच होता, असें म्हणण्याचा मोह मात्र आवरलेला बरा, गोदेला तीर पुष्कळ आहे!)

जाळ्यासकट उडालेलीं कबुतरें चित्रकारानें सुरेख रंगविलीं आहेत. पारधी मात्र सुळे बाहेर आलेला राक्षस काढला आहे. मूळ कथेंत तो दुसरा यमच भासतो, हें खरें. पण भासतो तो लघुपतनक कावळ्याला! पक्ष्याची भीति पक्ष्याच्या जागीं यथार्थच आहे. शब्द ती भीति कावळ्यापाशीं ठेवतात. चित्र ती पारध्याच्या तोंडावर कायमची चिकटवितें.

त्यानें चित्रग्रीवाची थोरवी वाढते काय? आपल्याआधीं आश्रितांचे पाश तोडावे, असें तो हिरण्यक उंदराला विनवितो. शत्रु कुरूप असण्याशीं या थोरवीचा संबंधच नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वांतला पारधीही क्रूरच. पण त्याची थंडी आणि भूक कथा लपवीत नाहीं, आणि कपोत त्याला अतिथि मानून स्वतः अग्नींत उडी घेतो. पारध्याला गोंडस काढा, असें माझें म्हणणें नव्हे. जाळें तें जाळेंच.

पान उलटतांना नातीनें विचारलें, “आजोबा, मग तो त्या दिवशीं जेवला काय?”

पक्षी दिसेनासे झाल्यावर तो माघारी फिरला, एवढेंच मूळांत आहे. मीं तेवढेंच सांगितलें.