त्याग आणि मोजमाप

आपल्या शरीरास होणारी इजा मोजून घेण्याचें टाळणें हा मनुष्याचा खासगी हक्क आहे काय? प्रश्न वरवर पाहतां पोकळ वाटेल. पण हृदयरोगतज्ज्ञांच्या आयुष्यांत तो रोज उभा राहतो.

१९२९ सालीं जर्मनींत फोर्समान नांवाच्या तरुण डॉक्टरानें आपल्याच हाताच्या शिरेंतून नळी हृदयापर्यंत सारली आणि तसाच चालत जाऊन क्ष-किरणांनीं तिचें छायाचित्र घेवविलें. १९७७ सालीं झुरिक येथें ग्रुन्टझिग यांनीं नळीवाटे फुगा नेऊन हृदयाची अरुंद झालेली धमनी रुंद केली, आणि पुढें अँजिओप्लास्टी हा शब्द घरोघर पोंचला. नळी कोठें आहे हें दिसण्यासाठीं क्ष-किरण सुरू ठेवावे लागतात. रोग्याच्या देहांतून ते चोहोंकडे विखुरतात आणि त्यांतील कांहीं शेजारीं उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या वांट्यास येतात. रोग्यावर हा प्रसंग आयुष्यांत एकदां-दोनदां यावयाचा. डॉक्टरांवर तो दिवसांतून अनेकदां.

संरक्षणासाठीं शिशाचा जड अंगरखा असतो आणि मोजण्यासाठीं त्याच्या आंत छातीशीं एक बिल्ला लावतात. आपल्याकडील बिल्ल्यांत कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या सांठवून ठेवतात. तीन महिन्यांनीं प्रयोगशाळेंत तापविल्या कीं मंद प्रकाशतात, आणि त्या प्रकाशावरून मात्रा कळते. चित्रगुप्ताची वही तरी इतकी चोख असेल कीं नाहीं, कोण जाणे! भारतांत मर्यादा आहे ती पांच वर्षांच्या सरासरीनें सालीना २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याहि एका सालीं फार तर ३०.

पण हा बिल्ला पुष्कळदां खणांत पडलेला असतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत हें आढळलें आहे. कंटाळा आणि विसर हीं कारणें आहेतच. विचार करण्याजोगें कारण निराळें आहे. आंकडा वाढला तर चौकशी होईल, काम थांबेल, आणि दारांत रोगी तर ताटकळत आहेत. “माझ्या देहाचें मी पाहून घेईन,” असें म्हणणाऱ्या डॉक्टराविषयीं आपल्याला आदरच वाटतो.

आमच्या मतें या आदरांत विचाराचा घोटाळा आहे. त्याग म्हणजे किंमत जाणून केलेलें दान. किती दिलें हें ज्याला ठाऊक नाहीं, व ठाऊक करून घ्यावयाचेंहि नाहीं, त्याच्या हातून तें नुसतें गळून गेलें. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ सालीं क्ष-किरणांच्या इजेनें मरण पावला. त्याचे हात भाजत गेले, कापावे लागले. म्हणजे निदान वेदना तरी बोलत होती. आजची इजा मुकी आहे. डोळ्यांतील भिंगावर हळूहळू डाग पडतो. कर्करोग उद्भवलाच तर कित्येक वर्षांनीं, आणि तो याच किरणांमुळें झाला असें शपथेवर कोणी सांगूं शकत नाहीं. वेदनेचें काम आतां त्या आंकड्यासच करावें लागतें.

शिवाय तो आंकडा एकट्या डॉक्टरांचा नव्हेच. त्याच टेबलाशीं परिचारिका आणि तंत्रज्ञ उभे असतात. मोठ्या डॉक्टरांनींच बिल्ला काढून ठेवल्यावर त्यांनीं तो लावण्याचा आग्रह कोणत्या तोंडानें धरावा? आपला देह वाहून टाकण्याविषयीं त्या परिचारिकेस कोणीं विचारलेलें नसतें. आणि मर्यादा ठरतात त्या मात्रा व इजा यांची सांगड घालूनच. समजत होतों त्याहून कमी मात्रेनें भिंगास बाध येतो असें दिसल्यावर आंतरराष्ट्रीय आयोगानें २०११ सालीं भिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून २० वर आणली. खणांतील बिल्ल्याची निरंक नोंद पुढच्या पिढीस खोटी ग्वाही देते.

तरी सारा दोष डॉक्टरांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. आंकडा वाढतांच “आपण निष्काळजी कां राहिलांत?” एवढेंच विचारणारी, पण एकाच माणसावर किती काम लादलें, शिशाच्या कांचेची ढाल छतास टांगली होती कीं नाहीं, हें न पाहणारी संस्था तो बिल्ला स्वतःच खणांत ढकलीत असते. ताप दिसला कीं मजुरी कापावयाची, अशा ठिकाणीं थर्मामीटर तोंडांत कोण धरील?

अंगरख्याच्या आंतला बिल्ला डोळ्यांविषयीं फारसें सांगत नाहीं. म्हणून गळ्यापाशीं, अंगरख्याबाहेर, दुसरा लावावा असें तज्ज्ञ म्हणतात. पहिलाच खणांत असतां दुसऱ्याची गोष्ट कोणीं काढावी? आम्हांस वाटतें, ती रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनीं काढावी, आणि त्याच बैठकींत आठवड्याच्या कामाची वांटणीहि ठरवावी.