माघातल्या तीन यात्रा आणि नरहरीची पट्टी



वैष्णवहो, आमच्या गोंदियाकडच्या मुलखात माघ महिना तीन यात्रांचा. शुद्ध एकादशीस ज्यांना साधेल ते पंढरीची वाट धरतात. ज्यांना साधत नाही ते गावच्या विठोबापुढे जागर करतात. त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पुनव. त्या वेळी सालेकसा तालुक्यात, धनेगावाजवळच्या कचारगडावर गोंड बांधवांची जत्रा भरते. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून माणसे येतात, डोईला पिवळी मुंडाशी, मुखी 'जय सेवा'. मग वद्य पक्षात महाशिवरात्र आली की अर्जुनी मोरगाव तालुक्यातला प्रतापगड माणसांनी फुलतो. तिथे महादेवाला बेल वाहायचा, आणि त्याच डोंगरावर ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे, तिथेही माथा टेकायचा, अशी पुष्कळ घरांची रीत आहे.

एका माघात त्या भागातल्या एका गावी आमची कीर्तनसेवा होती. पुनव दोन दिवसांवर आलेली. निरूपणाला आम्ही नरहरी सोनाराचे चरित्र घेतले. ते आपणां सर्वांस पाठ आहे. नरहरी कट्टर शैव. पंढरीत राहून विठोबाचे तोंड पाहायचे नाही असा नेम. सावकाराने देवाला सोन्याचा करगोटा घडवायला सांगितला. दिलेल्या मापाने घडवला तर एकदा आखूड झाला, एकदा लांब झाला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून नरहरी स्वतः माप घ्यायला गेला. हात लावला तो पाच मुखे, दहा हात, गळ्यात सर्प. म्हणाला, हा तर माझा शंकर! पट्टी काढली तर समोर विटेवरचा सावळा. पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. असे होता होता हरिहरांतला भेद गळून पडला.

रंग चढला होता. टाळकरी डोलत होते. त्या भरात आम्ही पुढे गेलो आणि म्हणालो, ''जसे हरिहर एक, तसाच गोंडांचा लिंगो म्हणजे महादेवच. आपणच सारे. मग ह्या लोकांनी आपला धर्म वेगळा म्हणून का सांगावे?'' पुंडलिक वरदेचा गजर झाला. आम्हांला वाटले, आज सेवा चांगली रुजू झाली.

आरती झाली, बुक्का लावणे चालले होते. मंडपाच्या कडेला बसलेला एक म्हातारा गोंड पुढे आला. हात जोडून म्हणाला, ''महाराज, कीर्तन गोड झालं. पन एक इचारतो. आमच्या कथेत मादेवानंच पोट्टे गुफेत कोंडले. लिंगोनं सोडवले. मंग कोंडणारा आन् सोडवणारा एक कसा?''

आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आधी राग आला. एवढ्या माणसांत शंका काढली म्हणून. राग ओसरल्यावर लाज वाटली, ती अशी की ज्या दैवताला आम्ही भर मंडपात आपले म्हटले त्याची कथा आम्ही एकदाही धड ऐकलेली नव्हती.

मग ऐकली. कचारगडची ती विशाल गुहा. महादेवाने गोंडांच्या पूर्वजांना तिथे कोंडून तोंडावर धोंड लावली. पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढले, त्यांची कुळे लावून दिली, रीतभात शिकवली. सांगणाऱ्यागणिक कथेत फरक पडतो. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी टिपून घेतलेली कथा त्यांच्या पश्चात १८६६ साली छापली गेली. तिच्यात गोंडांच्या राहणीचा विटाळ येऊन महादेव त्यांना कोंडतो, आणि इकडे पार्वतीला मात्र आपले गोंड दिसेनात म्हणून करमत नाही. ती तपाला बसते. हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला. विटाळ म्हणून कोंडणे! हे आपण दुसऱ्या कुणाचे ऐकतो आहोत होय? चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, आत नाही. त्या पायरीवरून शतकानुशतके दिंड्या गेल्या. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा हरिजनांना विठोबाचे दार उघडले. त्या वेळी दार बंदच राहावे म्हणणाऱ्यांत गळ्यात माळ घातलेलेही होते. गुरुजी उपोषणाला बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात, हेही तितकेच खरे. एकाच पंथात दोन्ही प्रकारची माणसे होती.

तेव्हा एक चूक आपल्याला ओळखू येते: माणसाला दाराबाहेर ठेवण्याची. तिची आपल्याला आता लाज वाटते, आणि वाटावीच. पण आम्ही त्या मंडपात केली ती दुसरी चूक. ती गोड असते म्हणून ओळखू येत नाही. ती अशी की माणसाला न विचारता आत ओढायचे, त्याच्या देवाचे नाव पुसून आपले लिहायचे आणि वर म्हणायचे, आम्ही भेद मानत नाही. ज्याचे नाव पुसले त्याला काय वाटते, हे त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर होते.

कोणी म्हणेल, महाराज, मग आपल्या संतांनी सांगितलेले अद्वैत खोटे काय? नव्हे. पण ऐक्याचा अनुभव ज्याचा त्याने घ्यायचा असतो. आपल्या संप्रदायात माळ कशी घालतात ते आठवा. ती मागून घ्यावी लागते. वाटेने जाणाऱ्याच्या गळ्यात कोणी टाकत नाही. माळेची ही रीत, तर मतांची निराळी कशी असेल? आणि नरहरीची कथा आम्ही आजवर त्याच्या पराभवाची म्हणून रंगवली. जरा उलटून पाहा. त्याने माप घेताना हात लावला. हाताला जे लागले तेच तो बोलला, कल्पनेने काही जोडले नाही. देवानेही त्याला दटावले नाही. त्याच्या बोटांना त्याचाच शंकर होऊन भेटला. आम्ही मात्र लिंगोला हात न लावता, दुरूनच माप सांगून मोकळे झालो. असा करगोटा आखूड होईल नाहीतर लांब.

२०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंडी म्हणून लिहविला. दुसरीकडे कित्येक गोंड घरांत महादेवाची भक्ती चालते आणि ती माणसे स्वतःस हिंदू म्हणवतात. एकाच घरात थोरला एक म्हणतो, धाकटा दुसरे. हा वाद त्यांच्या अंगणातला आहे. त्यात आपण पंच होऊन बसण्याचे कारण नाही, आणि व्यासपीठावरून तर नाहीच. कोणत्याही रकान्यात नाव लिहिले तरी रोवणीला बांधीत ती बाई आणि आपली बाई शेजारी शेजारीच वाकलेल्या असतात.

प्रतापगडावर जाऊन पाहा. बेल वाहणारा दर्ग्यात जाताना बेल नेत नाही. चादर चढवणारा पिंडीवर चादर घालीत नाही. दोन्ही ठिकाणे आपापल्या नावाने नांदतात आणि मधल्या वाटेवर माणसे भेटतात. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, अभंग-आरती होते, मग पुढे चालू लागते. त्या थांबण्यासाठी अनगडशहांचे नाव कोणी बदलले नाही. नाथांनी तर हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघांना एकमेकांशी कडकडून भांडू दिले आहे. भांडणारे शेवटी गळ्यात गळा घालतात, पण आधी दोघांनाही आपापले पुरते बोलायला मिळते. आमच्या कीर्तनात त्या म्हाताऱ्याला बोलायला आरतीनंतरच मिळाले.

पुढल्या वर्षी पुनवेला आम्ही कचारगड चढलो. गर्दी फार, वाट खडकाची, आमचे वय झालेले. गुहेत शिरलो तो वर छताला मोठे भोक, त्यातून उजेडाचा झोत खाली पडलेला, खाली माणसे हात जोडून उभी. तोच म्हातारा भेटला. त्याने आम्हांला ओळखले, हाताला धरून धोंडीवर बसवले, तांब्याभर पाणी दिले. आम्ही हात जोडून ''जय सेवा'' म्हणालो. तो हसला.

''जय सेवा,'' म्हणाला, ''पन महाराज, तुमी तुमचंबी म्हना ना. रामकृष्णहरी म्हना. इथं कोनी कोंडत नाई.''